दृष्टिनाडीच्या दाहानंतर पडद्याचा ओसीटी रिपोर्ट कसा वाचावा आणि कसा जपावा

एका डोळ्याने दोन-चार दिवसांत अंधुक दिसू लागणे, डोळा फिरवताना खोबणीत मागच्या बाजूला दुखणे आणि लाल रंग विटल्यासारखा वाटणे ही ऑप्टिक न्यूरायटिसची, म्हणजे दृष्टिनाडीच्या दाहाची, ठळक लक्षणे आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही नुसते एमएस म्हणतात, त्या आजाराची पहिली चाहूल पुष्कळदा याच दाहाने लागते. सांगली-मिरज भागातला असा रुग्ण आधी नेत्रतज्ज्ञाकडे, तेथून न्यूरोलॉजिस्टकडे आणि मग एमआरआय केंद्रात जातो, आणि या फेऱ्यांमध्ये केव्हातरी त्याच्या हाती ओसीटी नावाच्या, म्हणजे पडद्याच्या थरांची जाडी प्रकाशाने मोजणाऱ्या, तपासणीचा एक रंगीत कागद पडतो. त्यावर हिरवे, पिवळे, लाल तुकडे असतात, आकडे असतात, लाटेसारखा एक आलेख असतो. परंतु ओपीडीच्या गर्दीत तो कागद ओळीओळीने समजावून सांगण्याइतकी उसंत डॉक्टरांना क्वचितच मिळते. हा कागद केव्हा काढून घ्यावा, कोणत्या क्रमाने वाचावा आणि त्यावरून काय ठरवू नये, एवढेच येथे मांडले आहे. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे आहेत. मात्र योग्य प्रश्न विचारण्याइतकी समज रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना असावी.

या सर्व विवेचनाचा मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. कागदावरच्या रंगाला फारसे महत्त्व देऊ नये, आकड्याला द्यावे. आणि एकट्या आकड्यापेक्षा दोन डोळ्यांमधील व दोन तारखांमधील फरकाला अधिक द्यावे.

पडद्यावर काय घडते

डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, एकावर एक अनेक थर असतात. त्यांपैकी आपल्याला दोनच थरांशी कर्तव्य आहे. पहिला गँग्लियन पेशींचा थर; तो पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलाच्या आसपास, सर्वांत जाड असतो. दुसरा त्या पेशींपासून निघालेल्या तंतूंचा थर. हे तंतू पडद्याच्या पृष्ठभागावरून सरकत डिस्ककडे, म्हणजे पडद्यावरच्या दृष्टिनाडीच्या गोल तोंडाकडे, जातात, तेथे एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात आणि दृष्टिनाडी बनून मेंदूकडे जातात. एका डोळ्यात असे दहा ते बारा लाख तंतू असतात. डोळ्याच्या आत असताना त्यांच्यावर मायलिनचे आवरण नसते. ते डोळ्याच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडल्यानंतर चढते.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या मायलिनवर हल्ला करते. म्हणजे मूळ घाव डोळ्याच्या मागे असतो, पडद्यावर नसतो. तरीही पडदा पातळ होतो, कारण मागे तुटलेला तंतू तेथेच न थांबता उलट दिशेने, आपल्या मूळ पेशीपर्यंत, सुकत येतो आणि शेवटी ती पेशीही नष्ट होते. हे सुकणे डोळ्यातल्या थराच्या जाडीत उमटते. शिवाय पडद्यावर मायलिन नसल्यामुळे तेथे मोजलेली जाडी ही जवळजवळ निव्वळ तंतूंची जाडी असते. मेंदूतील तंतूंची हानी इतक्या सहज आणि इतक्या कमी खर्चात दाखवणारी दुसरी जागा शरीरात नाही, म्हणूनच न्यूरोलॉजिस्ट आज डोळ्याच्या तपासणीकडे इतक्या आस्थेने पाहतात. एमएसच्या रुग्णांच्या तंतुथरात बारीक भेगांसारख्या रिकाम्या रेषा दिसतात, हे फ्रिसेन आणि हॉइट या दोघांनी १९७४ मध्ये नुसत्या नेत्रदर्शक उपकरणाने टिपले होते. १९९१ मध्ये ओसीटीचे तंत्र प्रसिद्ध झाले आणि पुढे तीच झीज मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजता येऊ लागली.

आता काळाचा हिशेब पाहू, कारण बहुतेक गैरसमज येथेच होतात. दाहाच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांची डिस्क बाहेरून अगदी नेहमीसारखी दिसते, कारण सूज नाडीच्या मागच्या भागात असते. त्यामुळे ‘पडदा नॉर्मल आहे’ असे केसपेपरवर लिहिलेले असले, तरी दाह नाही असा त्याचा अर्थ होत नाही. उरलेल्या एक-तृतीयांश रुग्णांत डिस्कला सूज दिसते आणि तिच्याभोवतीचा तंतुथर फुगलेला असतो. या फुगीरपणामुळे ओसीटीवर दुखऱ्या डोळ्याचा आकडा चांगल्या डोळ्यापेक्षाही जास्त येऊ शकतो. पुढील तीन ते सहा महिन्यांत सूज उतरत जाते आणि खाली दडलेली झीज उघडी पडते. पुराचे पाणी ओसरून भिंत वाळल्याशिवाय किती पोपडे सुटले ते कळत नाही, हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. तंतुथराचेही तसेच आहे.

गँग्लियन पेशींचा थर मात्र असा फुगत नाही. तो काही आठवड्यांतच पातळ होऊ लागतो आणि सुजेच्या काळातही बहुधा खरा आकडा देतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन महिन्यांत दोन थर परस्परविरोधी बोलत असतील, तर गँग्लियन थराचे ऐकावे.

काही रुग्णांत याशिवाय आणखी दोन बदल आढळतात. पडद्याच्या आतल्या केंद्रकीय थरात सूक्ष्म, पोकळ कोष्ठे दिसतात. २०१२ च्या सुमारास ती एमएसशी जोडली गेली, परंतु दृष्टिनाडी अन्य कारणाने सुकली तरीही ती दिसतात हे नंतर स्पष्ट झाले. दुसरा बदल म्हणजे पडद्याच्या कडेच्या शिरांभोवती दिसणारे पांढुरके वेष्टन. तो दिसला तर नेत्रतज्ज्ञ त्याची नोंद करतात. रुग्णाने त्याचा शोध घेत बसण्याचे कारण नाही.

तपासणीला जाण्यापूर्वी

नजर आत्ताच गेली असेल, तर ओसीटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. ओसीटी ही तातडीची तपासणी नाही. तातडी आहे ती डॉक्टरांना दाखवण्याची. अमेरिकेत १९८८ पासून ४५७ रुग्णांवर झालेल्या ऑप्टिक न्यूरायटिस ट्रीटमेंट ट्रायलने हे दाखवले, की शिरेतून दिलेल्या मिथाइलप्रेडनिसोलोनने, जे आजही बहुधा दिवसाला एक ग्रॅम याप्रमाणे तीन ते पाच दिवस देतात, नजर लवकर सुधारते, मात्र वर्षाअखेरीची नजर फारशी बदलत नाही. त्याच अभ्यासात नुसत्या साध्या मात्रेच्या प्रेडनिसोलोन वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दाह पुन्हा होण्याचे प्रमाण अधिक आढळले. तेव्हा ओळखीच्या मेडिकलमधून ‘सुजेच्या गोळ्या’ आणून आठवडा काढणे हा मार्ग नव्हे. स्टेरॉइडने साखर वाढते, हे मधुमेही रुग्णाने सलाइन लागण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावे.

ओसीटीच्या दिवशी क्रम महत्त्वाचा असतो. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करण्यापूर्वी टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झुलवत बाहुलीची प्रतिक्रिया पाहिली जाते. एका नाडीचा दाह ओळखण्याची ही सर्वांत साधी आणि सर्वांत भरवशाची खूण आहे, आणि थेंब घातले की ती त्या दिवसापुरती हातची जाते. व्हीईपी, म्हणजे डोळ्याकडून मेंदूपर्यंत संदेश पोहोचायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी, त्याच दिवशी असेल तर तीही थेंबांआधीच व्हावी. केसपेपर काढतानाच ‘थेंब घालण्याआधी बाहुली तपासायची आहे का’ असे नम्रपणे विचारावे. कोणाला राग येण्यासारखा हा प्रश्न नाही. आजच्या यंत्रांवर अनेकांची ओसीटी थेंबांशिवायही होते. थेंब घातलेच, तर पुढचे काही तास जवळचे अंधुक दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून जत-आटपाडीकडून मोटारसायकलवर येणाऱ्याने गाडी चालवायला सोबत कोणी आणावे.

दुसरी गोष्ट म्हणजे नक्की काय करून घ्यायचे आहे ते चिठ्ठीवर स्पष्ट असावे. ओसीटी एकच नसते. डिस्कभोवतीचा तंतुथर मोजणारी एक आणि मॅक्युलाचा गँग्लियन थर मोजणारी दुसरी, अशा दोन्ही हव्या असतात, आणि दोन्ही डोळ्यांच्या हव्या असतात. केवळ ‘ओसीटी’ एवढेच लिहिले असेल, तर पुष्कळ ठिकाणी मधुमेही रुग्णाची करतात तशी फक्त मॅक्युलाची जाडी मोजून कागद हातात देतात. त्या कागदाचा या आजारात फार थोडा उपयोग होतो आणि पैसे मात्र गेलेले असतात.

चष्म्याचा नंबर, विशेषतः मोठा मायनस नंबर, तंत्रज्ञाला सांगावा. आधीचे सर्व रिपोर्ट सोबत न्यावेत.

खुर्चीत बसल्यावर

हनुवटी टेकवायची, कपाळ वरच्या पट्टीला भिडवायचे आणि यंत्रात दिसणाऱ्या खुणेकडे एकटक पाहायचे, इतकेच रुग्णाचे काम असते. एकेका चित्राला काही सेकंद लागतात. अडचण अशी, की ज्या डोळ्याची तपासणी सर्वांत महत्त्वाची त्याच डोळ्याला ती खूण नीट दिसत नाही. मध्यभागी काळपट डाग असलेला रुग्ण खूण शोधत डोळा फिरवत राहतो, आणि यंत्र डिस्कभोवती ज्या वर्तुळावर थराची जाडी मोजते, ते वर्तुळ नीट मधोमध न बसता एका अंगाला सरकते. सरकलेले वर्तुळ डिस्कच्या ज्या कडेला जवळ जाते तेथे थर खोटाच जाड दिसतो आणि समोरच्या कडेला खोटाच पातळ. म्हणून खूण दिसत नसेल तर गप्प बसू नये. ‘मला खूण दिसत नाही’ असे तंत्रज्ञाला स्पष्ट सांगावे. तो दुसऱ्या डोळ्यासमोर बाहेरचा दिवा धरून नजर स्थिर करवू शकतो. डोळे कोरडे पडत असतील, तर आधी दोन-तीनदा सावकाश मिटून उघडावेत किंवा कृत्रिम अश्रूंचा थेंब मागावा. कोरड्या बुबुळावरून आलेला संकेत दुबळा असतो. मोतीबिंदूमुळेही संकेत असाच दुबळा येतो.

कागद वाचताना

प्रथम नाव, जन्मतारीख आणि तपासणीची तारीख पाहावी. जन्मतारीख चुकली तर सगळे रंग चुकतात, कारण यंत्र रुग्णाची तुलना त्याच्या वयाच्या निरोगी माणसांशी करत असते. ओडी म्हणजे उजवा डोळा आणि ओएस म्हणजे डावा. यानंतर लगेच संकेताची ताकद पाहावी. सिरस यंत्रावर ती दहापैकी लिहिलेली असते आणि सहाच्या खाली असेल तर तो रिपोर्ट तुलनेसाठी धरू नये. स्पेक्ट्रॅलिसवर ती डेसिबलमध्ये असते आणि साधारण वीसच्या वर असावी. मग डिस्कच्या चित्रावरचे वर्तुळ पाहावे. ते डिस्कच्या भोवती सगळीकडे सारख्या अंतरावर असले पाहिजे. या तीन गोष्टींपैकी एकही बिघडलेली असेल, तर पुढचे आकडे वाचण्याऐवजी तपासणी पुन्हा करून मागणे शहाणपणाचे ठरते, आणि ते निघण्यापूर्वी मागावे.

आता आकडे. तंतुथराची सरासरी जाडी निरोगी प्रौढात साधारण ९० ते १०० मायक्रॉन असते. यंत्रानुसार आणि माणसानुसार ती थोडी मागेपुढे होते. सरासरीशिवाय चार बाजूंचे आकडे वेगळे दिलेले असतात: कानाकडची, वरची, नाकाकडची आणि खालची बाजू. वरची आणि खालची बाजू मुळातच जाड असते, म्हणून आलेखात दोन उंचवटे दिसतात. एमएसमधील दाहानंतर कानाकडची बाजू अनेकदा सर्वाधिक पातळ होते, कारण मॅक्युलाकडून येणारे बारीक तंतू तेथूनच डिस्कमध्ये शिरतात. गँग्लियन थराचा आकडा वेगळ्या पानावर असतो. काही यंत्रे त्यात खालचा आतला जाळीदार थरही धरतात आणि दोघांची मिळून सरासरी देतात. सिरसवर ती निरोगी डोळ्यात ८० च्या थोडी पुढे असते.

हे कसे जुळवायचे ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, तिशीतल्या एका शिक्षिकेचा उजवा डोळा दुखू लागला आणि पाचव्या दिवशी तपासणी झाली. तंतुथर उजवीकडे १२१ आणि डावीकडे ९४ मायक्रॉन. गँग्लियन थर उजवीकडे ८२ आणि डावीकडे ८३. उजवीकडचा तंतुथराचा भाग पांढरा छापला आहे, म्हणजे प्रमाणापेक्षा जाड. बाकी सर्व हिरवे आहे. हा कागद पाहून घरचे म्हणतील की नाडी चांगली धष्टपुष्ट आहे. प्रत्यक्षात ती सूज आहे, आणि गँग्लियन थराचे आकडे हे हानी होण्यापूर्वीचे मूळ माप आहे, ज्याचे मोल पुढे कळते. चार महिन्यांनी तंतुथर उजवीकडे ७६ आणि डावीकडे ९४ आला, गँग्लियन थर उजवीकडे ६९ आणि डावीकडे ८३. दोन डोळ्यांतील फरक तंतुथरात १८ आणि गँग्लियन थरात १४ मायक्रॉनचा झाला. उजव्या दृष्टिनाडीला इजा होऊन गेली, हे आता आकड्यांनी सिद्ध केले. मधल्या काळात शिक्षिकेची नजर ६/६ पर्यंत परतलीही असेल, आणि बहुतेकांची ती बऱ्यापैकी परतते. अक्षरे ओळखता येणे आणि तंतू शाबूत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फिक्या राखाडी अक्षरांचा तक्ता समोर ठेवला किंवा इशिहाराची रंगपुस्तिका उघडली, की ६/६ वाल्या डोळ्याची उणीव लगेच कळते. त्या तपासण्या झाल्या नसतील तर आवर्जून मागाव्यात.

किती फरक अर्थपूर्ण मानावा? तंतुथरात साधारण ५ ते ६ मायक्रॉन आणि गँग्लियन थरात सुमारे ४ मायक्रॉन इतका फरक दोन डोळ्यांमध्ये असेल, तर एका बाजूच्या नाडीला दाह होऊन गेल्याचा तो पुरावा धरला जातो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, एमएसच्या रुग्णांत दाह झालेल्या डोळ्याचा तंतुथर निरोगी लोकांपेक्षा सरासरी सुमारे २० मायक्रॉनने पातळ आढळला. त्याच अभ्यासांत, कधीही दाह न झालेल्या डोळ्याचा थरही सुमारे ७ मायक्रॉनने पातळ होता. या दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये. ज्याला आपण चांगला डोळा म्हणून मापदंड धरतो तोही हळूहळू झिजत असू शकतो, आणि दोन्ही डोळे सारखेच झिजले तर दोघांमधला फरक शून्य येतो. म्हणूनच डोळ्याची तुलना दुसऱ्या डोळ्याशी जशी करायची, तशीच त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशीही करायची.

रंगांविषयी मी थोडा कठोर आहे. हिरवा म्हणजे तुमच्या वयाच्या निरोगी माणसांच्या मधल्या नव्वद टक्क्यांत, पिवळा म्हणजे खालच्या पाच टक्क्यांत, लाल म्हणजे खालच्या एका टक्क्यात, आणि पांढरा म्हणजे वरच्या पाच टक्क्यांत, एवढाच त्यांचा अर्थ. ज्याचा थर मुळात १०८ होता तो ९२ वर आला तरी कागद हिरवाच राहतो, आणि ज्याला मोठा मायनस नंबर आहे त्याचा कागद काहीही आजार नसताना लाल येऊ शकतो. लाल पाहून रात्रभर जागणारे आणि हिरवा पाहून पुढची तारीख चुकवणारे, दोघांचेही नुकसान हा रंगच करतो. रिपोर्टची काळीपांढरी झेरॉक्स काढली तरी बिघडत नाही, असे मी म्हणतो, ते याच कारणाने.

एकट्या कागदावरून काय ठरवू नये

पातळ थर म्हणजे एमएस, असे समीकरण नाही. काचबिंदूतही तंतुथर पातळ होतो. मात्र त्यात वरची आणि खालची बाजू आधी जाते आणि डिस्कमधला खड्डा मोठा होतो, तर दाहानंतर डिस्क फिकट पडते आणि खड्डा त्या मानाने लहानच राहतो. क्षयरोगासाठी एथॅम्ब्युटॉल चालू असलेल्या रुग्णाच्या दोन्ही डोळ्यांची नजर दुखल्याशिवाय सारखीच मंदावली, तर आधी त्या गोळीचा संशय घ्यावा आणि ती देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. बी-१२ ची कमतरताही याच यादीत बसते.

सर्वांत महत्त्वाचा फरक न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आणि मॉग प्रतिपिंडांचा आजार या, दृष्टिनाडीला दाह करणाऱ्या पण एमएसहून वेगळ्या, दोन आजारांशी करावा लागतो. दाह दोन्ही डोळ्यांत एकदम आला, नजर जवळजवळ पूर्ण गेली, तीन-चार आठवड्यांतही सुधारणेला सुरुवात झाली नाही, किंवा आधी अनेक दिवस थांबत नाहीत अशा उचक्या-उलट्या झाल्या होत्या, तर ॲक्वापोरिन-४ आणि मॉग या प्रतिपिंडांची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारलेच पाहिजे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकात एकाच झटक्यात थराची मोठी हानी होते. मॉगच्या आजारात डिस्कची सूज ठळक असते. हा फरक केवळ नावाचा नाही. इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटॅलिझुमॅब यांसारखी एमएसची काही औषधे न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाच्या रुग्णाला अपाय करू शकतात. म्हणून रक्ततपासणी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवावी लागली आणि निकालाला काही दिवस गेले, तरी ती टाळू नये.

उलट बाजूने, दाह झाला म्हणजे एमएस होणारच असेही नाही. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी अभ्यासातील रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा झाला तेव्हा एकूण निम्म्यांना एमएस झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नसलेल्यांमध्ये हे प्रमाण २५ टक्के आणि एक किंवा अधिक डाग असलेल्यांमध्ये ७२ टक्के होते. म्हणजे भविष्याचा अंदाज एमआरआय देतो. ओसीटी झालेली हानी मोजते. एमएसचे निदान ज्यांवरून करतात त्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारणेत, घाव जेथे शोधायचे त्या जागांमधली पाचवी जागा म्हणून दृष्टिनाडीला मान्यता मिळाली आणि त्यासाठी ओसीटी, व्हीईपी किंवा नाडीचा एमआरआय यांचा आधार घेता येऊ लागला, त्यामुळे जुन्या निकषांनी थांबवून ठेवलेल्या काही रुग्णांचे निदान आता लवकर होऊ शकते. परंतु दुसरे कारण आधी वगळलेले असले पाहिजे, ही अट तशीच आहे.

नोंद आणि पुढच्या तारखा

पहिली ओसीटी शक्यतो दाहाच्या पहिल्या काही दिवसांत, दुसरी तीन महिन्यांनी, तिसरी सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा, असा क्रम सर्वसाधारणपणे सोयीचा ठरतो. प्रत्येक वेळी यंत्र तेच असावे. सांगलीत एकदा, पुढे कोणी सुचवले म्हणून कोल्हापुरात आणि त्यानंतर पुण्यात, अशा तीन यंत्रांवर केलेल्या तपासण्या एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत, कारण दोन कंपन्यांची यंत्रे एकाच डोळ्याला काही मायक्रॉनचा वेगळा आकडा देतात आणि आपण शोधत असलेला फरकही तेवढाच असतो. उपचार पुण्याला चालू असले तरी ओसीटी जवळच्या त्याच केंद्रात करून कागद पुण्याला न्यावा, हे मला अधिक पटते. वर्षानुवर्षे टिकणारी सोय तीच आहे. एका वर्षात एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर ते मोजमापातले असू शकते. सलग दोन तपासण्यांत गँग्लियन थर उतरताना दिसला, तर मात्र न्यूरोलॉजिस्टना तसे सांगावे.

फाइलमध्ये एक साधा तक्ता ठेवावा: तारीख, केंद्र, यंत्राचे नाव, संकेताची ताकद, दोन्ही डोळ्यांचा तंतुथर, दोन्ही डोळ्यांचा गँग्लियन थर, नजर, आणि त्या सुमारास चालू असलेले औषध. केंद्राकडून रिपोर्टची पीडीएफ मागून घ्यावी. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून दोनदा फिरला, की संकेताची ताकद आणि तळटीपा वाचता येत नाहीत. याच तक्त्याच्या खाली घरच्या घरी करायच्या तपासणीची नोंद ठेवता येते. दिवसाउजेडी करंड्यातले कुंकू आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने पाहावे. ते पूर्वीइतकेच लाल दिसते की अधिक विटकरी, हे एका शब्दात लिहावे. महिन्यातून एकदा पुरे. रोज पाहू लागले, की नसलेला फरकही दिसू लागतो.

उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा द्राक्षबागेत छाटणीला उभा असलेला किंवा गुऱ्हाळात काहिलीजवळ काम करणारा रुग्ण घाबरून येतो, कारण जुना डोळा पुन्हा अंधुक झालेला असतो. अंग तापले की मायलिन गमावलेल्या तंतूतून संदेश नीट वाहत नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्ये याचे वर्णन केले. सावलीत बसून, गार पाण्याने तोंड-मान धुऊन तासाभरात नजर परतली, तर तो नवा दाह नव्हे आणि त्यासाठी ओसीटीची घाई नको. अंधुकपणा चोवीस तासांहून अधिक टिकला, सोबत डोळा फिरवताना दुखू लागले, किंवा दुसराच डोळा बिघडला, तर ते दुखणे नवे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तापातही असेच होते, म्हणून आधी थर्मामीटर लावावा.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ओसीटीचा आकडा चालेल का, असेही विचारले जाते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एमएसचा स्वतंत्र उल्लेख आहे. परंतु दृष्टीच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी चष्म्यासह मिळणारी नजर आणि दृष्टिक्षेत्र यांवरून ठरते, थराच्या जाडीवरून नाही. त्या कामासाठी पेरीमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट फाइलमध्ये लागतो.

एका औषधाच्या बाबतीत ओसीटीचे काम वेगळे असते. न्यूरोलॉजिस्टनी फिंगोलिमोड सुरू करायचे ठरवले, तर त्या गोळीने थोड्या रुग्णांत मॅक्युलाला सूज येते, आणि मधुमेह असलेल्यांत व पूर्वी डोळ्याच्या आत दाह होऊन गेलेल्यांत ही शक्यता वाढते. येथे शोध झिजेचा नसून सुजेचा असतो, त्यामुळे मॅक्युलाची जाडी मोजणारा तो साधा रिपोर्टच हवा असतो. पहिला गोळी सुरू करण्यापूर्वी आणि दुसरा तीन ते चार महिन्यांनी काढावा. नेत्रतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर ‘फिंगोलिमोड चालू, मॅक्युला पाहावा’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण समोरचा तंत्रज्ञ जुनी फाइल पाहून सवयीने डिस्कभोवतीचाच थर मोजून देण्याची शक्यता असते.